डावा पाय

वाळपईची थंडी ती काय थंडी,
म्हापशाची माणसं हसतात.
त्यांना म्हणावं, डिसेंबरात पहाटे साडेपाचला
म्हादईवरचं धुकं गडगा ओलांडून आत येतं,
तेव्हा आमच्या तांबड्या सिमेंटच्या जमिनीवर
अनवाणी उभे राहा
चहाला आधण येईपर्यंत.

एकतीस वर्षं मी ही जमीन घासली
नारळाच्या सोडणानं, तोंड दिसेल इतकी.
आता तीच चकाकी
वैकुंठच्या काठीखालून सटकते.

म्हणून गालिचा.

आधी माप. टेप सापडली नाही,
मग जुनी वर्तमानपत्रं पसरली,
लांबीला पाच, रुंदीला तीन,
त्याच्या खुर्चीपासून खिडकीपर्यंत,
आणि आठवडाभर आम्ही बातम्यांवरून चाललो.
वैकुंठ खुर्चीतूनच वाकून वाचायचा
कुठल्याशा पंचायतीचा अविश्वास ठराव, अर्धाच,
उरलेला टीपॉयच्या पायाखाली.
चौथ्या दिवशी म्हणाला,
शब्दाला शब्द टेकवत,
"डाव्याक थंडी कळना.
उजव्यापुरतोच घे. अर्ध्या मोलान."
आजारपणानंतरचा त्याचा पहिला विनोद.
मी पोटभर हसले,
आणि शुक्रवारी सातची कदंबा पकडली.

म्हापशाच्या बाजारात
चोरीसाच्या माळा, मातीची बुडकुली, कुणाचं तरी कोंबडं,
आणि गल्लीच्या टोकाला इश्फाकचं दुकान.
बाहेर घाम फुटेल असं ऊन,
आत लोकरीचा वास.
एकेक गालिचा त्यानं धप्पकन उलगडला.
"हात फिरवून बघा, ताई."
हाताचा काय संबंध?
मी चपला काढल्या
आणि चालले वैकुंठसारखी:
उजवा उचलून, डावा ओढत,
बोटं आत वळवून.

पहिला मऊ, इतका मऊ
की पाऊल रुतलं ते निघेना.
दुसऱ्याची कड बोटभर जाड,
उंबरठाच म्हणायचा.
तिसऱ्याला झालर.
झालर मला आवडली, खोटं कशाला बोलू,
निळी, हलकी, हवेलासुद्धा हलणारी,
पण काठीचं रबर त्यात गुंतलं असतं
आणि पुढचं मला दिसलं.

गिऱ्हाइकं थांबली.
एका बाईनं मुलाला जवळ ओढलं.
इश्फाकनं काही विचारलं नाही.
बूट काढले, मग मोजे,
आणि माझ्यामागून चालू लागला,
तसाच, डावा ओढत,
एका गालिच्यावर, दुसऱ्यावर,
मान हलवत.
"हाही दगा देईल."

शेवटी सगळ्या ढिगाच्या तळातून
एक सुती जमखाना काढला.
"आमच्या मुलखातला नाही हा, धारवाडकडचा.
ऊब बेताची. पण कड बघा,
जमिनीला धरून आहे."
लाल, मधोमध सारीपाटाची घरं,
कोपऱ्यात मोर, बदकासारखे दिसणारे.
साडेतीन हजार, तो म्हणाला.
मी उजव्या पायाचा हिशेब सांगितला.
हसला. अठ्ठावीसशे.
वर सुतळीनं बांधून
बसपर्यंत खांद्यावरून आणून दिला.

वैकुंठनं बघितलं, बराच वेळ.
"सोंगट्यो खंय?"
एवढंच.

आता धुक्याच्या वेळी तो खिडकीपर्यंत जातो.
एक दिवस अर्ध्यात बसलाही, घरांच्या मधोमध,
उठवायला शेजारचा बाबल्या आला
आणि दोघं तिथंच चहा प्याले.
जमखाना आत्ताच फिका व्हायला लागलाय,
डाव्या बाजूला, एक लांब रेघ.

काल रात्री पाणी प्यायला उठले.
दिवा लावला नाही, तो झोपला होता.
तळव्याखाली सूत लागलं, कोमट,
आणि दुसऱ्या मोराशी कळलं,
मी डावा पाय ओढतेय.
स्वयंपाकघराच्या दारापर्यंत
तसाच नेला.